पाटी दुसऱ्याची, गल्ला आपला

कापसाच्या नुकसानीचे पंचनामे चालू होते. बांधावर उभा राहून क्षेत्र लिहून घेत होतो, तेवढ्यात शेतकऱ्याचा मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे झालं की घरी चहाला या. एक कागद दाखवायचाय." कागद म्हटलं की आम्हाला सातबारा नाहीतर पीक विम्याची पावती आठवते. हा कागद वेगळाच निघाला. चहाच्या एका नावाजलेल्या दुकानाच्या फ्रँचायझीचा करारनामा. चौदा पानं, सगळी इंग्रजीत.

या घराची दीड एकर जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदल्यातून बहिणीचं लग्न झालं, विहिरीचं काम झालं आणि उरलेले १२ लाख आईच्या नावानं बँकेत ठेव म्हणून आहेत. मुलगा पदवीधर, वय सत्तावीस, तीन वर्षं भरतीच्या परीक्षा देऊन थकलेला. कंपनीचा माणूस त्याला म्हणाला होता, "८ लाखांत सगळं उभं करून देतो, तुम्ही फक्त गल्ल्यावर बसा." आई मात्र ठेव मोडायच्या कागदावर सही करायला तयार नव्हती. मुलगा म्हणाला, "तुम्ही तिला समजावून सांगा, तुमचं ती ऐकते."

मावशी दारातच बाजरी पाखडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जमीन गेली तव्हा सगळ्यांनी सांगितलं, सही कर. केली. आता ह्या पैशाला दुसरी जमीन बी येत न्हाई. तुम्ही आधी ते चौदा पानं वाचा, मंग मला सांगा."

मला त्या वेळी काहीच बोलता आलं नाही. कारण असाच एक करारनामा मी स्वतः एकदा न वाचता बाजूला ठेवला होता.

सही झाली, वाचन राहिलं

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या चुलतभावानं तालुक्याच्या गावी अशाच एका साखळीतलं चहाचं दुकान घेतलं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण दोष एकट्या कंपनीचा नव्हता. सहीच्या दिवशी मी सोबत होतो. घरात कृषी पदविका झालेला, सरकारी कागद वाचणारा म्हणून मला नेलं होतं. कचेरीत एसी होता, पाहुणचार चांगला झाला, आणि मी पहिलं पान वाचून म्हणालो, "ठीक वाटतंय." सतरा महिन्यांत दुकान बंद झालं. काऊंटर, फर्निचर, बोर्ड मिळून भंगाराच्या भावात ४५ हजार आले.

काय चुकलं? भाऊ सांगतो, कंपनीनं सातशे मीटरवर दुसऱ्याला तीच पाटी दिली. ते खरं आहे. करारात आपल्या हद्दीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती आणि ती नाही हे मी पाहायला हवं होतं. पण दुसरं दुकान यायच्या आधीपासूनच भावाचं दुकान घसरत होतं. उद्घाटनाला आमदार आले, बँड लावला, फेटे बांधले. पंधरा दिवसांनी भाऊ सकाळी दहाला दुकानात यायला लागला. चहाचा खरा धंदा पहाटे पाच ते नऊ. पहिल्या एसटीचे प्रवासी, बाजार समितीत माल घेऊन आलेले शेतकरी आणि हमाल त्याच वेळेला येतात. त्या वेळी दुकानात दोन पोरं, त्यातलं एक झोपेत. कंपनीची चहा पावडर महाग पडते म्हणून पोरांनी बाजारातली मिसळायला सुरुवात केली. भावाला ते माहीत होतं. तो गप्प राहिला, कारण पैसे वाचत होते. पण गिऱ्हाईक चव विसरत नाही. त्याला करारनामा माहीत नसतो, पण कालचा चहा आणि आजचा चहा वेगळा लागला हे कळतं.

आणि उधारी. मित्रमंडळ, भावकी, गल्लीतले कार्यकर्ते. "लिहून ठेव रे." वहीत १८ हजार लिहिलेले होते, त्यातले आजवर ३ हजार आले असतील.

आपल्याकडे नेतृत्व म्हटलं की माणसं मागे लागली पाहिजेत, चार ठिकाणी फोन लागला पाहिजे, असं वाटतं. भावाकडे हे सगळं होतं. फ्रँचायझीच्या धंद्याला लागणारं पुढारीपण निराळं आहे. बोर्डावर कंपनीचं नाव, आत कंपनीची चव आणि कंपनीचा कप. जागा, भांडवल, मजूर, वीजबिल आपलं. नाव वापरायची सुरुवातीला एकरकमी फी आणि पुढं दरमहा विक्रीवर टक्केवारी, तिला रॉयल्टी म्हणतात. म्हणजे मालक तर व्हायचं, पण दुसऱ्यानं लिहिलेले नियम पाळून. हे आपल्याला जड जातं. गावात मान असलेल्या माणसाला तर जास्तच जड जातं.

तसं पाहिलं तर गावाला हा प्रकार अगदीच नवा नाही. दूध संकलन केंद्राचा सेक्रेटरी बघा. नियम संघाचा, काटा संघाचा, फॅट काढायचं यंत्र संघाचं. पण सरपंचाच्या म्हशीचं दूध आणि भूमिहीनाच्या एका गायीचं दूध तो एकाच हातानं मोजतो की नाही, यावर केंद्र चालतं किंवा मोडतं. फॅटच्या आकड्यावरून गावात डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत.

विक्री म्हणजे नफा नव्हे

मुलासमोर पंचनाम्याच्याच एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागं हिशेब मांडला. आकडे समजुतीसाठी आहेत, प्रत्येकानं आपल्या गावचे घालावेत. दिवसाला ४०० कप, १० रुपयांप्रमाणे ४ हजार. महिन्याला १ लाख २० हजार. ऐकायला छान वाटतं. त्यातून दूध, साखर, पावडर, कप, गॅस धरून ५४ हजार गेले. भाडं १५ हजार. दोन पोरांचा पगार २४ हजार. वीज आणि किरकोळ ५ हजार. रॉयल्टी ५ टक्के धरली तर ६ हजार, आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. उरले १६ हजारांच्या आत. हेच ८ लाख बँकेतून १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले असते तर हप्ता बसतो सुमारे १७ हजार ८०० रुपये. म्हणजे पहाटे पाचपासून उभं राहून महिन्याला दोन हजार खिशातून घालायचे.

मुलगा म्हणाला, "पण कर्ज कुठं काढतोय? पैसे आपलेच आहेत."

मी म्हणालो, "बरं, हप्ता नको. पण ८ लाख पाच वर्षांत परत यायचे तर महिन्याला १३ हजारांच्या वर बाजूला पडायला हवेत. मग तुझी मजुरी किती उरली? अडीच हजार. शिवाय आईच्या ठेवीवर जे व्याज येत होतं ते बंद."

रॉयल्टी ही विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे, हे करार घेणाऱ्या कित्येकांना पहिल्या तोट्याच्या महिन्यात कळतं. दुकान तोट्यात असलं तरी कंपनीचा हिस्सा जातोच. यात फसवणूक नाही, रीतच तशी आहे. म्हणून दुकानदाराचं आणि कंपनीचं हित नेहमी एकच असतं, असं धरून चालू नये.

मुलानं मग एक चांगला प्रश्न विचारला. "नियम कंपनीचा आणि तो आपल्या गावाला बसत नसेल तर काय करायचं? गुपचूप बदलायचा, की तसंच बुडायचं?" माझ्या भावानं गुपचूप बदलला होता. तिसरा रस्ता असतो, तो सांगायला मला जरा लांब जावं लागलं.

सिनसिनाटीचा शुक्रवार

फ्रँचायझीच्या धंद्यात जगात सर्वांत गाजलेलं नाव मॅकडोनाल्ड्सचं. मूळ दुकान मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोन भावांचं, कॅलिफोर्नियातलं. मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक नावाचा माणूस त्यांच्याकडं गेला, दुकानाची पद्धत पाहून थक्क झाला आणि १९५५ साली त्यानं इलिनॉय राज्यात आपलं पहिलं दुकान उघडलं. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. सुरुवातीची फी ९५० डॉलर आणि विक्रीवर १.९ टक्के, असा त्याचा दर होता. त्याचा एक नियम मला फार आवडतो. मोठ्या पैसेवाल्याला आख्खा जिल्हा देऊन टाकायचा नाही, एका माणसाला एक दुकान द्यायचं. ते नीट चालवलं तर पुढचं. घरी बसून व्याज खाणारा त्याला नको होता, दुकानात उभा राहणारा हवा होता.

लू ग्रोएन हा असाच एक दुकानदार. त्यानं १९५९ मध्ये ओहायो राज्यात, सिनसिनाटीजवळ मॉनफोर्ट हाइट्स इथं दुकान घातलं. वस्ती बहुतेक कॅथलिक ख्रिश्चनांची. त्या काळी कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत. दुकानात मिळायचं ते मांसाच्या टिकियेचं बर्गर. शुक्रवार आला की दुकान ओस. दिवसाचा गल्ला ७५ डॉलरवर यायचा, असं त्यानं पुढं स्वतः सांगितलं आहे. जवळच्या दुसऱ्या हॉटेलात माशाचं सँडविच मिळायचं आणि मासा शुक्रवारी चालायचा. गिऱ्हाईक तिकडं. आपल्याकडं श्रावणात मटणाच्या खानावळीचं जे होतं तेच.

आता ग्रोएनला मासा तळून गुपचूप विकता आला असता. वरिष्ठ कचेरी शेकडो मैल लांब. त्यानं तसं केलं नाही. स्वतः खपून माशाचं सँडविच तयार केलं, शुक्रवारच्या गल्ल्याचे आकडे घेतले आणि कंपनीपुढं गेला. क्रॉकला ते मुळीच पटलं नाही. माशाचा वास दुकानात नको, हे त्याचं म्हणणं. शिवाय शुक्रवारसाठी त्यानं स्वतःच एक पदार्थ काढला होता, पावाच्या मध्ये भाजलेल्या अननसाची चकती आणि चीज. शेवटी पैज लागली. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही ठेवायचे, जो जास्त खपेल तो राहील. ग्रोएनच्या सांगण्याप्रमाणे माशाची ३५० सँडविचं खपली, अननसाची ६.

तो मासा पुढं देशभरातल्या दुकानांत गेला आणि आजही विकला जातो. ग्रोएनचं दुकानही वाचलं. त्याच कंपनीचं बिग मॅक नावाचं मोठं बर्गरही पेनसिल्व्हेनियातल्या जिम डेलिगाटी या दुकानदारानं १९६७ मध्ये काढलेलं आहे. आणि १९९६ साली कंपनी दिल्ली-मुंबईत आली ती गोमांस सोडून, आणि आपली बटाट्याची टिक्कीही तिनं यादीत घेतली. म्हणजे नियम बदलतो. पण आकडे घेऊन समोर गेल्यावर बदलतो, मागच्या दारानं पावडर मिसळून नव्हे.

वितळलेलं आईस्क्रीम

अमेरिका कशाला, आमच्या बसस्थानकाजवळ एक ताई आहेत. एका दूध संघाच्या पदार्थांचं पार्लर चालवतात. यजमान गेल्यावर दुकान त्यांच्यावर आलं, तेव्हा दिरांनी सांगितलं होतं की गाळा भाड्यानं द्या आणि घरी बसा. त्या बसल्या नाहीत. मी त्यांच्याकडं ताक प्यायला जातो, म्हणून ही हकीकत माहीत झाली.

एका उन्हाळ्यात रात्रीची वीज सलग जायला लागली. डीप फ्रीजरमधलं आईस्क्रीम मऊ पडून परत गोठलं की त्यात बर्फाचे खडे होतात, चव जाते आणि पोट बिघडायची भीतीही असते. बाहेरून डबा तसाच दिसतो. कामावरचा मुलगा म्हणाला, "ताई, कोणाला कळतंय, लग्नाच्या ऑर्डरीत घालून टाकू." ताईंनी ४ हजारांचा माल त्याच्यादेखत गटारीत ओतला. "त्याला ओरडले नाही," त्या म्हणाल्या, "फक्त ओतताना त्याला बादली धरायला लावली." त्या मुलानं नंतर कधी असं सुचवलं नाही. तो अजून तिथंच आहे, आणि चार दिवस ताई माहेरी गेल्या तर दुकान तोच उघडतो.

मग ताईंनी वही घातली. वीज किती वाजता गेली, कधी आली, फ्रीजरमध्ये किती माल होता. सहा आठवडे लिहिलं. वही आणि अर्ज घेऊन वितरकाकडं गेल्या. आठवड्यातून एकदा मोठा माल उतरवायचा नियम आहे, तो उन्हाळ्यापुरता दोनदा थोडा थोडा करा, म्हणजे रात्री फ्रीजरमध्ये माल कमी राहील. वितरक आधी हसला. गाडीचा खर्च सांगितला. ताईंनी वाया गेलेल्या मालाची बेरीज दाखवली आणि म्हणाल्या, "एवढ्याची मागणीच मी पुढच्या वर्षी कमी करणार आहे, मग गाडी रिकामीच येईल." दुसऱ्या आठवड्यापासून गाडी दोनदा यायला लागली.

उधारीचं त्यांचं धोरणही ऐकण्यासारखं आहे. पाटी लावलेली नाही. उधार मागितलं की त्या वही पुढं करतात आणि म्हणतात, "तुमच्या हातानं लिहा, सही करा." निम्मे लोक पेन पाहूनच पैसे काढतात. पंचायत समितीतले आमचे एक सहकारीसुद्धा.

कृषी सेवा केंद्रवाल्यांनीही यातून घेण्यासारखं आहे. युरियासोबत नको असलेला माल गळ्यात मारला जातो, ही तक्रार हंगामात रोज कानावर येते. दुकानदार म्हणतो कंपनीनं दिलं म्हणून मी देतो, आणि ते शेतकऱ्याच्या माथ्यावर ढकलतो. वरून आलेला चुकीचा दट्ट्या खाली न ढकलता लेखी परत पाठवणारे दुकानदार कमी आहेत. पण आहेत, आणि पेरणीच्या आठवड्यात रांग त्यांच्याच दारात असते.

सहीच्या आधी

ग्रामसेवक, तलाठी, सरपंच मंडळींना एक विनंती. मोबदल्याचा पैसा कुठं आला हे तुम्हाला आधी कळतं, आणि फ्रँचायझी विकणाऱ्यालाही कळतं. अमेरिकेत १९७९ पासून सरकारी नियम आहे. फ्रँचायझी देणाऱ्यानं सही किंवा पैसे घ्यायच्या आधी किमान १४ दिवस सगळी माहिती कागदावर द्यावी लागते. किती दुकानं बंद पडली हेसुद्धा, आणि सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा करायचा तेही. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावरच भागवावं लागतं, म्हणजे कागदावर जे लिहिलं तेच खरं. त्यात बनावट माणसं वेगळीच. अमूलच्या नावानं खोटी संकेतस्थळं काढून फ्रँचायझीचे पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध ती संस्था २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तेव्हा कुणी दाखला मागायला आला, ग्रामपंचायतीचा गाळा मागायला आला, तर त्याला एवढं तरी विचारा की करार कुणी वाचून दाखवला का, पैसे कंपनीच्या खात्यात भरतोस की कुणा माणसाच्या, आणि बंद पडलेल्या एका तरी दुकानदाराला भेटलास का.

त्या मुलाचे चौदा पानं मी या खेपेला वाचली. दोन रात्री लागल्या, काही शब्दांसाठी ओळखीच्या वकिलांकडं जावं लागलं. सातव्या पानावर हद्दीचं कलम आहे, पण त्यात "कंपनीला योग्य वाटेल त्याप्रमाणे" असे शब्द आहेत. त्याखाली शिसपेन्सिलीनं रेघ मारली. अकराव्या पानावर कच्चा माल फक्त कंपनीकडूनच घ्यायचा असं आहे, पण भाव किती वाढवता येईल याचा उल्लेख नाही. तिथंही रेघ मारली.

आणि मुलाला एक काम दिलं. आठ दिवस पहाटे पाच ते नऊ बसस्थानकावर बसायचं आणि आहेत त्या तीन टपऱ्यांवर किती कप जातात ते मोजायचं. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. तो आठही दिवस गेला. वही घेऊन आला तेव्हा डोळे लाल होते. तिन्ही टपऱ्या मिळून सरासरी ६१० कप, आठवडी बाजाराच्या दिवशी ९०० च्या वर, रविवारी २८०. त्यानं खाली स्वतःच लिहिलं होतं की यातले ४०० आपल्याकडं येणार नाहीत, २५० धरावेत. "आणि साहेब," तो म्हणाला, "पहाटे चहाबरोबर सगळे पाव नाहीतर खारी मागतात. कंपनीच्या यादीत खारीच नाही."

मी म्हणालो, "मग हे त्यांना लिही."

हद्द, भाववाढ आणि खारी, अशा तीन प्रश्नांचं पत्र त्यानं पोस्टानं रजिस्टर करून पाठवलं आहे. कंपनीच्या माणसाचा फोन दोनदा आला, जागा दुसऱ्याला जाईल म्हणून. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. मावशींची ठेव दिवाळीत पिकते. परवा त्यांच्या वस्तीवरून जात होतो, तर त्यांनी हाक मारून विचारलं, "आलं का त्याहीचं पत्र?" नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मंग थांबू की. ठेव काय कुठं पळून चालली न्हाई."